पाण्याखालचे छायाचित्र आणि लहान कॅमेरा

पाण्याखाली छायाचित्रे काढणे हा पैसेवाल्यांचा छंद. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने त्यावर काय बोलावे, असा प्रश्न व्याख्यानाच्या आधीच आम्हांला दोघातिघांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. परंतु आमची या विषयाशी ओळख छंदातून झालेलीच नाही. बंदरात जहाजाच्या बुडाची आणि धक्क्याच्या खांबांची पाहणी करणारे पाणबुडे असतात. पूर्वी पाणबुड्या वर येई, अमुक खांबाला अमुक ठिकाणी चीर गेली आहे असे तोंडाने सांगे, आणि मुकादम ते वहीत लिहून घेई. आता पाणबुड्याच्या हातात लहान डिजिटल कॅमेरा दिलेला असतो आणि त्याच्या शब्दाला नव्हे, चित्राला मोल असते. चित्र अंधुक आले की काम झालेच नाही असा शेरा पडतो आणि मजुरी अडते. अशीच एक तक्रार काही वर्षांपूर्वी आमच्यापुढे आली. ठेकेदाराचे म्हणणे, मुलगा खाली गेलाच नाही. मुलाचे म्हणणे, खाली गेलो, बटणही दाबले, पण चित्रात हिरव्या रंगाखेरीज काही उमटलेच नाही. खरे कोण बोलतो हे ठरवावयाचे तर पाण्यात चित्र बिघडते कसे हे समजणे भाग होते. आम्ही ग्रंथालयात बसून जे मिळाले ते वाचले, आणि पन्नाशी उलटल्यावर तारकर्लीस जाऊन, डॉक्टरांचा दाखला घेऊन, बुडी मारावयास शिकलो. त्यातून जे कळले ते सांगावयाचे आहे. व्याख्यानाच्या दिवशी वेळ अपुरा पडला, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

सर्व घोटाळ्याचे मूळ असे की, पाणी आपल्याला पारदर्शक वाटते आणि ते तसे नाही. पेल्यातले पाणी पारदर्शक असते हे खरे. पण पाण्याचा थर जाड झाला की तो प्रकाश गिळू लागतो, आणि सगळे रंग सारखे गिळत नाही. तांबडा आधी जातो. गडद तांबडा प्रकाश अगदी शुद्ध पाण्यातूनसुद्धा एक मीटर गेला की सुमारे निम्मा उरतो. दुसऱ्या मीटरला निम्म्याचा निम्मा, तिसऱ्याला त्याचाही निम्मा. सावकाराच्या व्याजाचा हिशेब उलटा मांडला की जे होते तेच येथे होते. पाच मीटर खोलीवर या तांबड्याचा साधारण बत्तिसावा हिस्सा शिल्लक राहतो. नारिंगी त्याहून थोडा चिवट; तो दर मीटरला पाचवा हिस्सा गमावतो, म्हणजे दहा मीटरला त्याचा एकदशांश उरतो. पिवळा त्यापुढे टिकतो, आणि निळा सर्वांत लांब जातो. खोल समुद्र निळा दिसतो त्याचे मुख्य कारण हेच.

मालवणच्या बाजारात टोपलीत पडलेली तांबोशी आपण पाहिलेली असते. नावातच तांबडेपणा आहे. तीच तांबोशी दहा मीटर खाली खडकाच्या आडोशाला उभी असली तर करड्या, मळकट रंगाची दिसते. मासा तोच, डोळा तोच. तिच्या अंगावरून परत यावयाला तांबडा प्रकाशच तेथवर पोहोचलेला नाही. बोट कापले तर रक्त हिरवट काळे दिसते. आपला मेंदू मात्र मोठा हिकमती आहे. तो ही तूट काही प्रमाणात भरून काढतो आणि पाण्याखाली आपल्याला सारे बरेच रंगीत वाटत राहते. कॅमेऱ्याला ही समजूत नसते. तो जेवढा प्रकाश आला तेवढाच नोंदवितो. म्हणून वर येऊन चित्र पाहणारा नवखा माणूस हिरमुसतो आणि कॅमेऱ्याला दोष देतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. प्रकाशाची वाट मोजताना केवळ खोली मोजून भागत नाही. सूर्याचा किरण पृष्ठभागापासून माशापर्यंत येतो आणि माशापासून भिंगापर्यंत जातो. दोन्ही अंतरे जमेस धरावी लागतात. पाच मीटर खोलीवर चार मीटर अंतरावरचा मासा टिपला तर हिशेब नऊ मीटरांचा होतो. तोच मासा हातभर अंतरावरून टिपला तर साडेपाचाचा. पाण्याखाली चांगले चित्र काढणारा आणि वाईट चित्र काढणारा यांच्यात किमती कॅमेऱ्यापेक्षा या साडेतीन मीटरांचा फरक मोठा असतो.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. वर सांगितले ते शुद्ध पाण्याचे. कोकण किनाऱ्याचे पाणी शुद्ध कोठले? नद्या गाळ आणतात, पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात, कुजलेल्या पालापाचोळ्याचा पिवळसर अंश विरघळलेला असतो. हा पिवळा अंश निळा प्रकाश खातो. तांबडा पाण्याने खाल्ला, निळा या द्रव्याने खाल्ला. मध्ये उरतो तो हिरवा. त्या मुलाच्या चित्रात हिरव्याखेरीज काही आले नाही ते यामुळे. शिवाय तरंगणारा गाळ प्रकाश सगळीकडे उधळतो, त्यामुळे काळे काळे राहत नाही आणि पांढरे पांढरे राहत नाही. मालवणास थंडीच्या दिवसांत पाणी निवळलेले असतानाही काही मीटरांपलीकडचे दिसत नाही, आणि मुंबईच्या बंदरात तर स्वतःचा कोपर दिसला तर नशीब.

मग अशा पाण्यात खांबाची चीर टिपावयाची कशी? जगभरच्या बंदरांतले जाणते पाणबुडे एक सोपी युक्ती करतात. स्वच्छ गोड्या पाण्याने भरलेली पारदर्शक पिशवी किंवा पेटी भिंग आणि खांब यांच्यामध्ये दाबून धरतात. गढूळ पाणी बाजूला सरते, पिशवीतल्या स्वच्छ पाण्यातून चीर लख्ख दिसते. ही पिशवी करावयास खर्च तो काय येणार! आम्ही ती बैठकीत टेबलावर ठेविली आणि विचारले की, हे साधन मुलाला दिले होते काय? दिलेले नव्हते. मजुरी मिळाली. पिशवी मात्र अजून सगळ्या ठिकाणी मिळत नाही.

पाण्याचा दुसरा गुण प्रकाश वाकविण्याचा. अर्धी पाण्यात बुडविलेली काठी मोडल्यासारखी दिसते हे शाळेतले ज्ञान. पाणबुड्याच्या डोळ्यांपुढे सपाट काच आणि काचेआड हवा असते, त्यामुळे पाण्यातली वस्तू चतुर्थांशाने जवळ आणि तृतीयांशाने मोठी दिसते. एक मीटरवरचा दगड पाऊण मीटरवर आहे असे वाटते. कॅमेऱ्याच्या सपाट काचेआडच्या भिंगालाही तसेच वाटते, त्यामुळे नेम धरण्यात अडचण येत नाही. दोघे एकाच भ्रमात असतात. तोटा होतो तो वेगळा. भिंगाचा आवाका आकुंचित होतो. जमिनीवर ज्या कॅमेऱ्यात सबंध खोली मावते त्यात पाण्याखाली अर्धीमुर्धी मावते. सबंध माणूस चौकटीत बसवावयाचा म्हणून छायाचित्रकार मागे सरतो, मागे सरला की मधले पाणी वाढते, आणि पाणी वाढले की रंग जातो. यावर उपाय म्हणजे पेटीवर बाहेरून बसविण्याचे रुंद आवाक्याचे भिंग किंवा घुमटाच्या आकाराची काच. ज्याला ते परवडत नाही त्याने माणसाच्या वाटेस न जाता लहान जीव टिपावेत. लहान कॅमेऱ्याचे खरे राज्य तेथेच आहे, हे पुढे सांगू.

या कलेला तसा बराच इतिहास आहे. इ. स. १८५६ साली इंग्लंडात वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्सन नावाच्या वकिलाने पेटीत बंद केलेला कॅमेरा दोरीने पाण्यात सोडला आणि बोटीतून दोर ओढून झडप उघडली. दहा मिनिटे ती उघडी ठेविली. पेटीत पाणी शिरले, तरी काचेवर काहीतरी उमटले. माणूस स्वतः खाली जाऊन चित्र काढू लागला तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स येथे, १८९३ साली. लुई बूताँ हा प्राणिशास्त्रज्ञ, आणि कॅमेऱ्याची रचना केली त्याच्या भावाने, ऑग्यूस्तने, जो अभियंता होता. एकेका चित्राला अर्धा अर्धा तास लागे. पुढे शोफूर नावाच्या विद्युत्‌तज्ज्ञाने प्राणवायूने भरलेल्या बाटलीत मॅग्नेशियमची तार जाळून झगझगाट करण्याची योजना केली. १९२६ साली अमेरिकेत फ्लोरिडाजवळ लाँग्ली आणि मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी ठेवून तिचा भडका उडवावयाचा आणि त्या उजेडात खालचा मासा टिपावयाचा! या खटाटोपात लाँग्ली चांगलाच भाजला. ती चित्रे जानेवारी १९२७ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकात आली. १९४३ साली कूस्तो आणि गान्याँ यांनी पाठीवरच्या सिलिंडरातून मागणीप्रमाणे हवा देणारे यंत्र सिद्ध केले आणि पाणबुड्याची वरच्या नळीतून सुटका झाली. १९६३ साली निकॉन कंपनीचा निकोनॉस कॅमेरा आला. त्याला वेगळी पेटी लागत नसे. परंतु त्यात फिल्मची ३६ चित्रे. सदतिसावे काढावयाचे तर वर यावे लागे, कारण पाण्याखाली रोल बदलता येत नाही.

डिजिटल कॅमेऱ्याने केलेली क्रांती येथे आहे. चित्र काढले, मागच्या पडद्यावर पाहिले, चुकले, पुन्हा काढले. पूर्वी हे शिक्षण महिन्यांचे होते. आज एका बुडीत पुष्कळ होते. आणि लहान कॅमेरा म्हणजे कमी प्रतीचा कॅमेरा असे समजू नये. त्याचे भिंग वस्तूच्या अगदी जवळ नेता येते. ऑलिम्पसचा टीजी-६ हा २०१९ साली आला आणि त्याच घराण्यातला टीजी-७ ओएम सिस्टिम या नावाने २०२३ साली आला. हे दोन्ही भिंगापासून एका सेंटिमीटरवरची वस्तू टिपू शकतात. नखाएवढी समुद्रगोगलगाय, केंड माशाचा डोळा, पोवळ्याच्या भिंतीवर पसरलेले सूक्ष्म जीव ही सारी चित्रे मोठ्या कॅमेऱ्याला बरीच सामग्री जोडल्यावर जी मिळतात, ती या खिशातल्या डबीत मिळतात. मोठा कॅमेरा, त्याची ॲल्युमिनियमची पेटी आणि दोन दिव्यांचे हात घेऊन मालवणच्या लहान होडीवर चढून पाहावे, म्हणजे लहानाची थोरवी कळते.

हे कॅमेरे विनापेटीचेही १५ मीटरपर्यंत पाणी सोसतात असे त्यांचे निर्माते सांगतात. बुडीसाठी त्यावर विसंबू नये, पेटी घ्यावी. दाबाचा हिशेब करून पाहा. दर दहा मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार वाढतो. पेटीची पाठ बारा सेंटिमीटर लांब आणि आठ रुंद धरली तर तिचे क्षेत्रफळ ९६ चौरस सेंटिमीटर झाले. म्हणजे दहा मीटरवर गोदीतल्या ५० किलोच्या जवळजवळ दोन गोण्या त्या पाठीवर ठेविल्यासारखे होते, आणि वीस मीटरवर चार. पेटीच्या मर्यादेपलीकडे गेले की आधी बटणे आपोआप दाबली जाऊ लागतात. तो इशारा समजावा.

हा सगळा भार अडवून धरते ती एक रबराची कडी. तिला ओ-रिंग म्हणतात. पेटीची दोन अंगे मिटताना ती मध्ये दबते आणि पाण्याला वाट राहत नाही. पण तिच्यावर एक केस, वाळूचा एक कण, टॉवेलाचा एक धागा राहिला की तेथून पाणी शिरते. नवल असे की, खोलीवर दाब वाढला की कडी अधिक घट्ट बसते. गळती बहुधा पहिल्या एकदोन मीटरांतच होते. म्हणून पाण्यात उतरल्याबरोबर थांबून पेटीत बुडबुडा किंवा ओल दिसते का हे पाहावे. कडी काढताना टोकदार वस्तू वापरू नये. बोटांनी चाचपून कचरा पाहावा, पेटीच्या निर्मात्याने सांगितलेले वंगण डाळीच्या दाण्याएवढे घेऊन चोळावे. वंगण जास्त झाले तर कण चिकटतात. ते सैल सरकण्यापुरतेच हवे. पेटी होडीवर वाऱ्यात आणि तुषारांत उघडू नये. ती सकाळी खोलीत, पंखा बंद करून मिटावी. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी, नाहीतर वरच्या उष्ण दमट हवेतली वाफ खालच्या गार पाण्यात काचेवर आतून धुके धरते. नवी पेटी पहिल्यांदा कॅमेऱ्याविना, आत कागदी रुमालाची घडी घालून, पाण्यात न्यावी; कागद कोरडा आला तर कॅमेरा घालावा. हे करावयास ज्याला कंटाळा आहे त्याने कॅमेरा पाण्यात नेऊच नये. खारे पाणी आत गेले की कॅमेरा गेलाच असे धरून चालावे. मेमरी कार्ड मात्र गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळविले तर पुष्कळदा वाचते, आणि चित्रेही.

आता रंग परत कसा आणावयाचा. दोन मार्ग आहेत. पहिला, जो उजेड उरला आहे त्याची फेरमांडणी. कॅमेऱ्याला 'पांढरे म्हणजे काय' हे सांगता येते. पांढरी पाटी, आणि ती नसेल तर तळहात, त्याच खोलीवर समोर धरून कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सची नोंद करावी. तो मग हिरवा निळा कमी करून तांबडा वाढवितो. पाच मीटर खाली गेलात की पुन्हा नोंद करावी, कारण पाण्याचे व्याज बदललेले असते. चित्रे कच्च्या स्वरूपात, ज्याला रॉ म्हणतात त्या प्रकारात, साठविली तर हीच फेरमांडणी घरी संगणकावरही करता येते. पण याला मर्यादा आहे. जो तांबडा आलाच नाही तो वाढविणार कोठून? तिजोरीत नसलेल्या रकमेचे वाटप होत नाही. जोर केला तर चित्रावर रांगोळी सांडल्यासारखे कण दिसू लागतात. भिंगावर लावावयाची तांबडी काचही याच वर्गातली. ती निळ्या पाण्यात, पाचदहा मीटरांच्या पट्ट्यात उपयोगी पडते. आपल्या हिरव्या पाण्याला किरमिजी काच अधिक मानवते. दोन्ही काचा उजेड खातात हे विसरू नये.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचा उजेड बरोबर नेणे. येथे नवख्याची हमखास फजिती होते. कॅमेऱ्याचाच फ्लॅश उडवावा तर सगळ्या चित्रभर पांढरे ठिपके. कौलातून कवडसा पडला म्हणजे हवेतली धूळ चमकताना आपण पाहतो. एरवी ती असतेच, पण दिसत नाही. पाण्यातल्या गाळाचेही तसेच. फ्लॅश भिंगाच्या शेजारी असल्यामुळे भिंगासमोरच्या प्रत्येक कणावर उजेड पडतो आणि तो उलट भिंगातच येतो. यावर उपाय म्हणजे दिवा भिंगापासून हातभर दूर, एका बाजूला, दांडीवर बसविणे आणि किंचित बाहेरच्या अंगाला वळविणे. मग विषय उजळतो, मधल्या पाण्यातला गाळ अंधारात राहतो. अशा दिव्याला स्ट्रोब म्हणतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा इशारा काचतंतूच्या दोरीने त्याच्यापर्यंत पोहोचतो. परंतु स्ट्रोबचा उजेडही पाण्यातूनच जातो आणि पाण्यातूनच परत येतो. एक मीटरवरच्या माशासाठी वाट दोन मीटरांची झाली, म्हणजे गडद तांबड्याचा चौथा हिस्सा हाती आला. दीड मीटरपलीकडे स्ट्रोबवर फार भिस्त ठेवू नये. स्ट्रोब लावला की रंगीत काच काढून टाकावी. दोन्ही मिळून चित्र लालभडक होते.

सगळ्याचा रोख जवळ जाण्यावर आहे. पण जवळ जावयाचे म्हणजे पाठलाग करावयाचा नव्हे. पाठलाग करणाऱ्याला माशांच्या शेपट्यांचा संग्रह मिळतो. खडकापासून थोडे दूर, माशाच्या पातळीवर किंवा त्याखाली स्थिर राहावे. गोबरा आपल्या कपारीचा मालक असतो. आपण हललो नाही तर तो पाहावयास स्वतःच बाहेर येतो. वरून खाली चित्र काढले तर मासा तळाच्या रंगात मिसळून जातो. खालून वर काढले तर त्याच्यामागे पाण्याचा उजळ पडदा येतो. नेम डोळ्यावर धरावा. लहान कॅमेऱ्याला नेम धरावयास क्षणभर लागतो, म्हणून बटण अर्धे दाबून ठेवावे आणि माशाने तोंड वळविताच पुरे दाबावे.

येथवर कॅमेऱ्याचे झाले. आता माणसाचे, आणि हा भाग आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा हे लक्ष वेधून घेणारे यंत्र आहे. हातात कॅमेरा आला की डोळे पडद्यावर राहतात, आणि हवेचा काटा, खोली, सोबती ही तिन्ही विसरली जातात. सिलिंडरात अकरा लिटर जागा असते आणि हवा २०० बारपर्यंत भरलेली असते, म्हणजे २२०० लिटर झाली. त्यातली ५० बार राखीव ठेवून वर यावयाचे असते. वापरावयास १६५० लिटर उरली. माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरू. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. एकेचाळीस मिनिटे झाली. वीस मीटरवर तिप्पट, सत्तावीस मिनिटे. आणि माशामागे हातपाय मारणारा छायाचित्रकार शांत माणसापेक्षा कितीतरी अधिक हवा ओढतो. दर दोनतीन चित्रांमागे काटा पाहण्याची सवय करावी. ज्याला कॅमेऱ्याविना पाण्यात अधांतरी, न बुडता न तरंगता, स्थिर राहता येत नाही, त्याच्या हाती कॅमेरा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक सवय जमिनीवरची. बटण दाबताना हात हलू नये म्हणून श्वास रोखावा, असे शिकविलेले असते. पाण्याखाली ही सवय जीवघेणी आहे. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास पृष्ठभागावर दुप्पट होतो. श्वास रोखलेला माणूस नकळत थोडा वर तरंगला तरी फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. श्वास सतत चालू ठेवावा. बटण दाबावयाचे ते सावकाश उच्छ्वास सोडताना. वर येताना मिनिटाला नऊ मीटरांपेक्षा वेग नको, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे.

या थांबण्यामागे मजुरांचा इतिहास आहे. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि माणूस घाईने वर आला की त्याचे बुडबुडे होतात. हा रोग प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला तो पुलांचे पाये खणणाऱ्या कामगारांत, पाण्याखाली दाबलेल्या हवेच्या पेट्यांत ते काम करीत तेव्हा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली या रोगाने पंगू झाला, त्याचे नाव पुस्तकांत आहे. त्याच पेट्यांत वाकडे झालेल्या मजुरांची नावे कोण सांगणार? १९०८ साली हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके ब्रिटिश आरमारासाठी प्रसिद्ध केली. आज पाणबुड्याच्या मनगटावरचे यंत्र जे गणित करते त्याचा उगम त्या कोष्टकांत आहे.

म्हणून मालवणकडे आमचे लक्ष वेगळ्या दृष्टीने जाते. सुटीत आलेला प्रवासी, ज्याला पोहताही येत नाही, त्याला धरून एक मुलगा खाली नेतो आणि दुसरा मुलगा समोरून त्याची छबी टिपतो. प्रवासी आयुष्यात एकदा उतरतो. तो मुलगा दिवसभर खालीवर करीत असतो. खोली थोडी म्हणून नायट्रोजन थोडा, हे खरे. पण वारंवार चढउतार कानाला आणि फुप्फुसाला जाचतोच. आम्ही ज्यांच्याशी बोललो ती मुले मच्छीमारांच्या घरची, पाण्यात मासळीसारखी वावरणारी. त्यांना आम्ही तीनच प्रश्न विचारले : दिवसाला किती बुड्या हे कोणी लिहून ठेवते काय, विमा आहे काय, आणि सर्दी झाली तर त्या दिवशीची मजुरी मिळते काय? सर्दीत बुडी मारली तर कानाचा पडदा जाण्याची भीती, आणि न मारावी तर चूल अडते. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हसले. छायाचित्राची किंमत ठरविताना या हसण्याचा हिशेब कोणी करीत नाही. पावसाळ्यात तर धंदा बंदच असतो.

दुसरे नुकसान तळाचे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, ते २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पोवळी आहेत. छबी चांगली यावी म्हणून प्रवाशाला पोवळ्याला धरून उभे करणे, मासे जमावेत म्हणून पाव कुसकरणे, होडीचा नांगर खडकावरच टाकणे हे प्रकार तेथे झालेले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी बुडीच्या धंद्याने पोवळ्यांची कशी हानी होते याचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला आहे. दोष मुलांवर लोटून मोकळे होण्यात अर्थ नाही. ज्याला माणशी पैसे मिळतात तो घाई करणारच. बांधून ठेवलेली बोये असली तर नांगर टाकावा लागत नाही, आणि खाली एक आडवी दोरी असली तर प्रवाशाला धरावयास पोवळे लागत नाही. छायाचित्रकाराने स्वतःपुरते एवढे पाळावे : एका हातात कॅमेरा, दुसरा हात छातीशी, वल्ह्यासारखे पायताण तळापासून दूर. तळाला पाय लागला की गाळ उठतो, आणि पुढची दहा मिनिटे त्या ठिकाणी कोणालाच चित्र मिळत नाही.

वर आल्यावर पेटी न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवावी आणि पाण्यातच सगळी बटणे दाबावीत, म्हणजे सांध्यांतले मीठ सुटते. मीठ वाळले की त्याचे खडे होतात आणि तेच कडीला कापतात. पेटी उन्हात वाळवू नये. आणखी एक, विशेषतः घाटावरून येणाऱ्यांसाठी. दुपारी बुडी मारून संध्याकाळी आंबोलीचा घाट चढण्याची घाई करू नये. आंबोली सुमारे ७०० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी, आणि अंगातला नायट्रोजन अजून निघालेला नसतो. विमानाला एका बुडीनंतर बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावे असा दंडक आहे. उंच घाटालाही तोच लावावा. एक रात्र मालवणात काढावी, जेवण चांगले मिळते.

त्या रात्री करावयाचे काम असते. चित्रे संगणकावर उतरवून प्रत्येकाला तारीख, जागा, खोली आणि पाण्याचे तापमान लिहावे. हे लिहिले नाही तर चित्र पुढे कोणाच्याच कामाचे राहत नाही. समुद्र तापला की पोवळे आपल्या अंगातले रंगीत सूक्ष्म जीव बाहेर टाकते आणि पांढरे पडते. जगभर अशी चौथी लाट सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. एकाच खडकाचे, एकाच बाजूने, बाजूला मोजपट्टी ठेवून वर्षानुवर्षे घेतलेले चित्र शास्त्रज्ञाला जेवढे सांगते, तेवढे शंभर सुंदर मासे सांगत नाहीत. आम्ही किल्ल्याजवळचा एक खडक असा धरला आहे. त्याची चार वर्षांची चित्रे झाली आहेत. होडीवरच्या एका मुलाने त्याला खूण म्हणून दोन कपारींचे नाते पाठ करून ठेविले आहे. गढूळ पाण्यातही तो आम्हांला बरोबर तेथे नेतो. त्या मुलालाही आता आम्ही आमचा जुना कॅमेरा आणि पेटी वापरावयास दिली आहे. पाचवे चित्र पावसाळा सरून पाणी निवळले की त्यानेच घ्यावयाचे ठरले आहे.